उस्मानचाचांचं विमान

उस्मानचाचा लाकडाच्या दोन पट्ट्या सरसाने जोडत, रात्रभर ठेवत आणि सकाळी गुडघ्यावर धरून मोडत. जोड टिकून लाकूडच तुटलं की खूश. जोड सुटला, तर त्या डब्यातल्या सरसाने चिकटवलेलं सगळं काम करवतीखाली जाई.

मुलांनो, पन्नासच्या दशकात मी लग्न होऊन चिंचवडला आले, तेव्हा ते आमचे शेजारी होते. पाण्याच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करत. लढाईच्या काळात विमानतळावर मिस्त्री होते. आता अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एकट्याने बसायच्या विमानाचा लाकडी सांगाडा बांधत होते.

येणारेजाणारे विचारत, “चाचा, पाळणा कुणासाठी?”

“तुझ्यासाठीच. ये, वर नेऊन झोपवतो.”

सरकार परवानगी देईल का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “सूनबाई, कागदावर नाही म्हणणं सोपं असतं. समोर उभ्या विमानाला नाही म्हणून दाखवा म्हणावं!”

एका वर्षी सव्वीस जानेवारीच्या मिरवणुकीत तो सांगाडा बैलगाडीवर ठेवायचं गावच्या पाटलांनी ठरवलं. चाचा हरखले. हसणारं गाव आता मान वर करून बघणार होतं. पण आदल्या सकाळी गुडघ्यावरचा जोड अलगद सुटला. त्याच सरसाने सांगाड्याची उजवी बाजू जोडलेली होती.

पाटील समोरच उभे होते. “ऱ्हाऊ द्या की चाचा. कुणाला दिसतंय? आन् ते काय उडणार हाय व्हय? गाडीवर तर बसायचंय.”

“उडणार नाही, तर इतकी वर्षं मी इथं करतोय काय?” चाचांनी करवत उचलली. पाटील हात धरायला गेले.

“हात काढा, पाटील. ह्यात माणूस बसणार आहे.”

त्यांनी उजवी बाजू पाटलांच्या देखत कापून काढली. दुसऱ्या दिवशी गाडी रिकामीच गेली. लोक शेडकडे बोटं दाखवत हसत होते. चाचा आत नव्या पट्ट्यांवर रंधा मारत होते.

“वाईट वाटतं का, चाचा?” मी विचारलं.

“वाटतं ना. पण वरून पडण्यापेक्षा कमी.”

सांगाडा पुरा झाला. इंजिन मिळण्याआधीच चाचा तापाने गेले. पुढच्या जानेवारीत पाटलांची माणसं मिरवणुकीसाठी सांगाडा मागायला पुन्हा आली. “चाची, आता तरी द्या. चाचांचंच नाव व्हईल.”

खातूनचाची चूल फुंकत होत्या. न उठताच म्हणाल्या, “उडवणार असाल तर घेऊन जा.”