पार्टनरशिप तुटेपर्यंत उठायचं नाही

बातमी आली त्या मंगळवारी मी नळवाल्याला मोरीची गळती दाखवत होतो. फोन गजूचा. "मिलिंद गेला," एवढंच म्हणाला. नळवाल्याला काम चालू ठेवायला सांगून मी चप्पल घातली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मिलिंदच्या अंगणात बसणं होतं. कुणी एक किस्सा काढला, की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. रडायला आलेली माणसं पोट धरून हसत घरी जातात!

आम्ही तिघं मध्य प्रदेशातल्या बालाघाटला एकाच ऑफिसात, पण आमचे निम्मे किस्से मुंबई विमानतळावरचे. मिलिंदचे उपचार मुंबईला चालायचे. सोबतीला गजू आणि मी. परतीच्या विमानाला वेळ असायचा, आणि मिलिंदला पाठ टेकता येईल अशा खुर्च्या टर्मिनलमधल्या एका स्पोर्ट्स बारमध्येच होत्या. भिंतीभिंतीवर टीव्ही, सगळीकडे क्रिकेट! पिणारा आमच्यात एकही नव्हता.

*

पहिल्या खेपेला मिलिंदने फ्रेंच फ्राइज मागवले आणि पिशवीतून वहिनींनी दिलेली जवसाची चटणी काढली. वेटर धावत आला.

"सर, बाहर का खाना अलाउड नहीं है."

"खाना नहीं है भैया, दवाई है," मिलिंद म्हणाला. चटणी खरोखरच औषधाच्या डबीत होती! "चखो."

वेटरने चिमूटभर जिभेवर ठेवली. आत गेला. थोड्या वेळाने दुसऱ्या वेटरला घेऊन आला.

"सर, इसकी भी तबीयत ठीक नहीं है."

*

मॅच बघण्याचा आमचा एक कडक नियम होता. आपली जोडी जमली, की जो जिथे बसला असेल त्याने तिथेच बसायचं. उठलं की विकेट जाते! मिलिंदच्या घरी या नियमापायी पाहुणे उपाशी राहिलेत.

एकदा बारमध्ये शेजारच्या टेबलावरचे सुटाबुटातले गृहस्थ उठायला लागले.

"भाईसाहब, बैठिए! पार्टनरशिप चल रही है!" मिलिंद ओरडला.

ते बसले! त्यांचं बघून मागचं अख्खं कुटुंब बसलं. कुणी हलेना. गजू माझ्या कानात म्हणाला, "मले जोरात लागली आहे बे."

"दाबून ठेव. देशाचा प्रश्न आहे," मिलिंद म्हणाला.

अखेर विकेट पडली. आणि आयुष्यात प्रथमच मी आपला गडी बाद झाल्यावर अर्धा बार आनंदाने टॉयलेटकडे पळताना पाहिला!

*

एकदा गजू कोपऱ्यातल्या टीव्हीवरची मॅच बघून घामाघूम झाला होता. मिलिंद शांतपणे म्हणाला, "गज्या, ही मागच्या वर्षीची मॅच आहे. आपण जिंकलतो."

गजू भडकला. "काहून सांगितलं बे? मी तेव्हा पाहाली नव्हती ना!"

खुर्ची फिरवून बसला. विमानातही तोंड खिडकीकडे!

*

एका खेपेला डॉक्टरांनी सांगितलं, नव्या औषधाचाही उपयोग होत नाही. बारमध्ये येऊन बसलो. मिलिंदने मेनू उचलला.

"चला, पथ्य संपलं! चिकन विंग्ज मागव."

प्लेट आली. त्याने एक काटकुळा पीस उचलून उजेडात धरला. "गज्या, हिले पण मुंबईच्याच डॉक्टरनं पथ्य देलतं काय रे?"

*

शेवटच्या खेपेला मॅच अशी रंगली होती, की काही षटकं उरली असताना बोर्डिंग लागलं. मिलिंद उठेना. "उठलो तर विकेट जाईन!" शेवटी करार झाला. कुणीही निकाल बघायचा नाही. रविवारी त्याच्या घरी तिघांनी मिळून उरलेली मॅच बघायची.

फोन बंद केले. रात्री नागपुरात गजूच्या बहिणीकडे थांबलो. सकाळी तिने पेपर आणला, तर मिलिंद त्याच्यावर बसला! टॅक्सीत रेडिओ लावू दिला नाही. वाटेत राजेगावला चहाला उतरलो. टपरीवाला ओळखीचा. हसत म्हणाला, "भाऊ, कालची मॅच पाहाली का? लास्ट ओव्हरले तं..."

मिलिंद कान दाबून मोठमोठ्याने पाढे म्हणायला लागला. मी टॅक्सीच्या खिडकीतून हात घालून हॉर्न वाजवला. गजूने परातीतलं गरम भजं उचललं आणि थेट टपरीवाल्याच्या तोंडात कोंबलं!

रविवारी मिलिंदला बसवेना. "पुढच्या रविवारी पाहू," म्हणाला. "मधात पाहाली तं दोस्ती खतम."

"हौ," आम्ही म्हणालो. त्याआधीच तो मंगळवार आला.

काल अंगणात मिलिंदचा मेहुणा सहज बोलून गेला, "त्या मॅचमध्ये शेवटी तर..."

गजूने कान दाबले. मी सतराचा पाढा सुरू केला.

ती षटकं मी अजून पाहिलेली नाहीत.