डावखुरीचा खेळ

छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. छापून आलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, दुमडायचे, पट्टीनं घडी दाबायची, सुईदोऱ्यानं शिवायचं, सगळं उजव्या हातानं आणि इतकं झटपट, की शेजारच्या कटिंग मशीनवरचा माणूस म्हणायचा, "बाई, जरा दमानं. मालकांना वाटेल आम्ही झोपा काढतो."

खरं तर बाई जन्माच्या डावखुऱ्या. लहानपणी वडिलांनी बोटांवर छड्या मारमारून लिहिणं, जेवणं, शिवणं, सगळं उजव्या हाताला लावलं. रॅकेट तेवढी सुटली, कारण वडील कधी बॅडमिंटनच्या हॉलकडे फिरकले नाहीत. दर रविवारी सकाळी कामगार क्लबच्या हॉलमध्ये बाई डाव्या हातात रॅकेट घेत, आणि आठवडाभर खाली मान घालून शिवण घालणारी ही बाई तीच का, असा प्रश्न पडावा. औषधाच्या दुकानात काम करणारी एक मैत्रीण चौदा वर्षं त्यांची जोडीदार होती. "डावरे, तू फक्त उडी मार," ती म्हणायची, "बाकीचं निस्तरायला मी आहे."

सेहेचाळिसाव्या वर्षी बाई कामावरच कोसळल्या. हृदयाचे ठोके एकाएकी सैरावैरा धावले होते. पुन्हा तसं झालं तर आतून झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारं यंत्र डॉक्टरांनी बसवलं. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढा उंचवटा आला. तिथून एक तार शिरेतून थेट हृदयात गेलेली. शुद्धीवर आल्यावर बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो खेळाचा. तीन महिने थांबा, मग बेतानं खेळा, असं डॉक्टर म्हणाले. एवढ्यावर बाईंनी ते तीन महिने काढले.

त्या परतल्या तेव्हा मैत्रिणीनं दुकानातून बँडेजच्या गुंडाळ्या आणल्या होत्या. "पडलीस तर बांधायला," ती म्हणाली. सगळे हसले. पहिले काही रविवार बाई नुसतं शटल पलीकडे ढकलत राहिल्या. मग धीर चेपला आणि खांदा मोकळा झाला. पाचव्या महिन्यात एकदा शटल उंच आलं आणि बाईंनी उडी घेतली. रॅकेट खाली यायच्या आत छातीत कुणी लाथ घालावी तसा दणका बसला. मागोमाग दुसरा, तिसरा. फरशीवर पडलेल्या बाई पूर्ण शुद्धीत होत्या, हे सगळ्यात वाईट.

हृदय ठीकच होतं. तार तुटत आली होती आणि तिच्यातल्या खरखरीला यंत्र ठोके समजलं होतं. डॉक्टरांना नवल वाटलं; इतक्या लवकर तार झिजायचं कारण काय? त्यांनी बाईंना खेळताना हात कसा वर जातो ते दाखवायला सांगितलं, आणि बाईंनी सवयीनं डावा केला.

"तुम्ही डाव्या हातानं खेळता?" डॉक्टरांनी कागद उलटले. "इथं तर उजवा लिहिलाय. आम्ही मुद्दाम विचारतो. वापरातल्या हाताच्या बाजूला यंत्र बसवत नाही."

यंत्र बसवलं त्या दिवशी बाई बेशुद्ध होत्या. प्रश्न विचारला होता नवऱ्याला, आणि त्यानं छातीठोकपणे उजवा सांगितला होता. बावीस वर्षं तो बाईंना लिहिताना, जेवताना, शिवताना पाहत आला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट नेमक्या रविवारीच बंद पडतात, असं तो म्हणायचा. बायकोला खेळताना त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. आता तो बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसून होता आणि डॉक्टरांच्या टेबलाची कड नखानं खरवडत होता.

दुसऱ्या बाजूला हलवा की, तो अखेर म्हणाला. डॉक्टरांनी समजावलं: जुनी तार शिरेला चिकटलेली, ती ओढून काढण्यात जिवाला धोका. नवी तार त्याच वाटेनं घालता येईल, पण डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. खेळायचंच असेल तर उजव्यानं खेळून बघा.

बाईंनी बघितलं. नवी तार बसली, जखम भरली, आणि पुढं सहा महिने जेवणाच्या सुट्टीत त्या छापखान्याच्या मागच्या भिंतीवर शटल मारत राहिल्या. सुई चालवणारा हात रॅकेट धरली की ठोंब्या व्हायचा. शटल कुठं पडणार हे डोळ्यांना आधीच कळायचं, हात मात्र पाहुण्यासारखा उशिरा पोचायचा.

क्लबच्या स्पर्धेत मैत्रिणीनं नेहमीप्रमाणे दोघींचं नाव दिलं. त्या रविवारी नवऱ्यानं पाळी बदलून घेतली आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर येऊन बसला. खेळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पलीकडच्यांच्या गुणांनाही तो टाळ्या वाजवत होता. एकवीस-सहा, एकवीस-चार. समोरच्या मुली शेवटी शेवटी बाईंना सोपं जावं म्हणून हळू मारू लागल्या, आणि बाईंना तेही परतवता आलं नाही.

मैत्रीण घाम पुसत जवळ आली. "पुढच्या वेळी मी दुसरीबरोबर नाव देते," ती म्हणाली. "रागावू नकोस."

"या वेळीच द्यायला हवं होतंस," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. मैत्रिणीनं तोंड फिरवलं.

कपड्यांच्या कप्प्याची किल्ली बाईंनी हॉलच्या शिपायाकडे दिली. पुढच्या रविवारी लागेल ना, त्यानं विचारलं. नाही, दुसऱ्या कुणाला द्या, असं त्या म्हणाल्या.

घरी जाताना रॅकेटची पिशवी नवऱ्यानं खांद्याला लावली.  मग तो समोर बघतच म्हणाला, "डाव्या हातानं कशी खेळायचीस गं?"

बाईंनी सांगायचा प्रयत्न केला. उडी मारली की क्षणभर सगळं थांबायचं, मनगट शेवटी वळायचं, शटल पडल्याचा आवाजही वेगळा यायचा. पण हात वर नेल्याशिवाय ते सांगता येत नव्हतं. हात छातीपर्यंत उचलला गेला आणि तिथंच राहिला.

"बरी खेळायचे," त्या म्हणाल्या.

तो म्हणाला, "मी यायला हवं होतं."

"हो," बाई म्हणाल्या. त्याला बरं वाटावं म्हणूनसुद्धा त्यांच्या तोंडून 'नाही' निघालं नाही.