नलेदीचं नाव मी दिलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्या लेखी मी सज्जन माणूस आहे — आणि ते मला फार सोयीचं होतं.

मी अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहतो, माझी टीम जोहान्सबर्गमध्ये बसते. त्यात नलेदी होती. पंचविशीची, कामाला वाघ. घरात कमावणारी ती एकटीच. आई, भावंडं, सगळे तिच्या पगारावर. आमची दुपारची मीटिंग तिच्याकडे ऐन रात्रीच्या जेवणाच्या वेळी यायची. ती बदला म्हणून कोण सांगणार? मी तर नाहीच.

एकदा कॉल संपल्यावर ती थांबली. म्हणाली, लॅपटॉप उघडताना हात कापतात, छाती धडधडते, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात. कोणाला सांगू नका. आणि मी काय केलं? प्राणायाम शिकवला! कॅमेऱ्यासमोर नाक धरून! तशाच गोळ्या माझ्याही ड्रॉवरमध्ये होत्या — त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मग अप्रेझल आलं. आमच्याकडे सगळे चांगले असले तरी टीममधल्या एकाला तळाला टाकावंच लागतं, आणि तळाला गेलेल्याची नोकरी जाते. हा मूर्ख नियम कोणी काढला देव जाणे, पण मुकाट्यानं पाळला आम्हीच. माझा मॅनेजर नागपूरचा. म्हणाला, "अरे यार, बॉटमला कोणीतरी लागेलच ना. नाव दे, मला आजच सबमिट करायचंय."

नाही म्हणालो असतो तर माझंच नाव गेलं असतं, मग व्हिसा — नको, ही सबब आहे. व्हिसा इथे सगळ्यांच्याच मानगुटीवर असतो.

मी नलेदीचं नाव दिलं. तिच्या कामात खोट सापडेना, म्हणून सांगितलं, "तिला अँग्झायटी आहे, कधी कोसळेल भरवसा नाही." तिनं विश्वासानं सांगितलेलं, तेच वापरलं! आणि पुढच्याच आठवड्यात ऑफिसमध्ये मानसिक आरोग्यावर भाषण ठोकलं. मनमोकळं बोला म्हणे! टाळ्याही घेतल्या. लाज कशी वाटली नाही मला?

तिची नोकरी गेली. शेवटच्या दिवशी तिनं फोन केला, आभार मानायला. म्हणाली, बाकी कोणाशी हे बोलायची भीती वाटायची, तुमच्याशी बोलता आलं.

मी म्हणालो, तुझ्यासाठी मी खूप भांडलो, पण वरचे ऐकत नाहीत.

त्यावर तिनं माझीच समजूत घातली. म्हणाली, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.