चार तासांची ओळ

काकीने कागद माझ्या हातात दिला तेव्हा तिचे हात साबणाने ओले होते. आटगावला माहेरी दोन दिवस राहून ती सकाळी साडेसातला मुरबाडजवळच्या आमच्या घरी परतली होती आणि आल्याआल्या धुण्याला बसली होती. काकांच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी निघाली, तिच्यासोबत घडी घातलेला हा कागद. चारांपैकी दोन गोळ्या नव्हत्या.

"वाच गो, तू इंग्लिश शाळंतली. कसल्या गोळ्या?"

काका खोलीत कडी लावून बसले होते. पोटात दुखतंय, एवढंच आतून सांगत होते. काकीने मुतखडाच असणार असं धरलं आणि बार्लीचं पाणी उकळलं. ते द्यायला तिने कडी काढायला लावली तेव्हा मला काका ओझरते दिसले. मुतखड्याचा माणूस लोळतो. काका मांडीवर उशी दाबून अगदी ताठ बसले होते आणि कुणाकडेच बघत नव्हते.

कागद मला पहिल्या वाचनात कळला. शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ होती: चार तासांहून जास्त राहिलं तर थांबू नका, कायमची इजा होते. इंग्रजीत ती सरळ होती. मराठीत मला त्याचे शब्द फक्त शिव्यांमधले माहीत होते.

"काकी, ते... खाली बसत नसेल तर डॉक्टरकडे न्यायला लागतं."

"काय खाली बसत नाय? सूज?"

"सूज नाही."

ती माझ्या लाल झालेल्या तोंडाकडे बघत राहिली. "आग बया, उभाच हाय?" म्हणून हसली आणि मधेच थांबली. "आनी मी पानी पाजतेय!"

जीपमध्ये काका उशी घेऊनच बसले.

मुरबाडच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "गोळी कधी घेतली?"

काकांनी काकीकडे पाहिलं. "आठला. सकाळी."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. साडेदहा. "मग अजून थोडं बघू. बर्फ लावा, बाहेर बसा."

मला ते आठ खटकले. रोज सहाला अंगणात चहाला येणारा माणूस त्या दिवशी आला नव्हता. मी हाक मारली होती, तेव्हाही कडी होती आणि पोट दुखत होतं. पण साडेसातच्या आधी काकी घरातच नव्हती, म्हणून काकांनी आठ सांगायचं आधीच ठरवलं होतं. मी परक्यांसमोर सहसा बोलत नसे. पण कागदातली ओळ डोळ्यांसमोर होती.

"सहाच्या आधीपासून असेल," मी डॉक्टरांच्या टेबलाकडे बघत म्हणाले. "तेव्हाही दार बंद होतं."

काकांनी डोळे मिटले. "रात्री दहाला," ते म्हणाले. "दोन."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. आत नेऊन त्यांनी सुईने साचलेलं रक्त काढलं, इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने बाहेर येऊन म्हणाले, उतरलंय. पण इतका उशीर झालाय, पुढचं आता सांगता येणार नाही.

काकी बाकावर माझ्याजवळ सरकली. मग माझ्यापुढे हात केला. मी कागद दिला. तिने उलटसुलट करून तो परत माझ्याकडे दिला.

"कोनासाठी घेतली ता लिवलंय काय यात?"

"नाही, काकी."

"नीट बघ. इंग्लिशमदे असंल."

मी कागद पुन्हा उघडला आणि वाचत असल्यासारखी बसून राहिले.