सरदारांच्या समाधीवरचा फोटो

जिवंत माणसाचा फोटो मेलेल्या माणसाच्या सोबतीशिवाय काढताच येत नाही, असं मानणारा फोटोग्राफर आजवर एकच झाला असेल, आणि दुर्दैवानं तो माझ्या बायकोचा मामा होता. कराडात त्यांचा स्टुडिओ होता. चारचौघांच्या स्टुडिओत असतो तसा रंगवलेला पडदाही होता. त्यावर तळं होतं, तळ्यात दोन हंस होते. पण मामा तो पडदा फक्त पावसाळ्यात खाली सोडत. बाकीचे आठ महिने गिऱ्हाइकाला घेऊन ते कुठल्यातरी समाधीकडे, छत्रीकडे नाहीतर थडग्याकडे निघत. सातारा-सांगलीच्या मुलखात मेलेल्या पराक्रमी माणसांची वाण नाही, त्यामुळं मामांना जागा कधी कमी पडली नाही. रहिमतपूरच्या एका मुलीचा दाखवायचा फोटो त्यांनी अशाच एका पडक्या छत्रीपाशी काढला. फोटो देखणा होता यात वाद नाही. मुलाकडच्यांनी पत्र पाठवलं, मुलगी पसंत आहे, पण घरात नुकतं कोण वारलं ते कळवावं.

आम्हीही सुटलो नाही. लग्न झाल्यावर मामांनी आम्हा दोघांना महाबळेश्वरला नेलं आणि एका इंग्रज साहेबाच्या थडग्याशी उभं केलं. थडग्यावर दगडी देवदूत होता. मी नेमका त्याच्यापुढं आल्यामुळं फोटोत माझ्या खांद्यांतून पंख फुटलेले आहेत. सासूबाईंनी तो फोटो बाहेरच्या खोलीत लावला. येणारा पाहुणा आधी पंख बघे, मग माझ्याकडं बघे आणि मग पाणी मागे.

मी कचेरीत कारकून. सुट्टीच्या दिवशी मामांच्या कॅमेऱ्याची तिवई आणि चेहऱ्यावर उजेड पाडायची पांढरी चादर माझ्या बोकांडी बसे. फटफटीवर मागं बसून मी दर वेळी तेच सांगे, "मामा, मेलेल्यांच्या उरावर असली छानछोकी बरी दिसत नाही." मामा मान न वळवता म्हणत, "बरी दिसतीया म्हणूनच लोक माज्याकडं येत्यात, जावईबापू."

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा सुमार असेल. मलकापूरची शालन नावाची मुलगी आईला घेऊन स्टुडिओत आली. ती घरी ब्लाउज शिवायची, आणि तिला सिनेमात जायचं होतं. कोल्हापुरात कुणीतरी तिला तीन फोटो घेऊन बोलावलं होतं; साधे नकोत, नटीसारखे हवेत. बिनबाह्यांचा ब्लाउज तिनं स्वतः शिवला होता, काळा चष्मा मैत्रिणीकडून आणला होता. मामांनी तिच्याकडं क्षणभर बघितलं आणि पडद्याकडं ढुंकूनही न बघता म्हणाले, "उद्या सकाळी कडेगावच्या रस्त्याला जायाचं."

त्या रस्त्यालगतच्या एका गावात नदीकाठी जुन्या सरदारांची समाधी आहे. काळ्या दगडाचा चौथरा, त्यावर कोरलेला घोडा. चौथऱ्याला एक म्हैस बांधलेली होती. मामांनी ती सोडून लांब बांधली, शेण उचललं, नदीतून सात-आठ घागरी पाणी आणून दगड धुतला, वहाणा काढल्या, हात जोडले. आणि एवढं सगळं सोवळंओवळं करून झाल्यावर शालनला चष्मा लावून घोड्याच्या मानेवर रेलायला सांगितलं. एक हात केसांमागं. मी चादर तिच्या चेहऱ्यावर उजेड पाडायला कमी आणि स्वतःचं तोंड लपवायला जास्त धरली होती. तिची आई नदीकडं तोंड करून बसली. शालन मात्र रेलता रेलता थबकली. "मामा, पाय त्यांच्याकडं येत्यात." मग तिनं दोन्ही पाय अंगाखाली दुमडून बाजूला घेतले. मामांनी खटका दाबला.

फोटो इतका सुरेख आला की मला रागच आला. मामांनी तिला तीन प्रती दिल्या आणि चौथी हातभर मोठी करून रस्त्याकडच्या काचेत लावली. मी म्हणालो, "हे अंगाशी येणार." मामा म्हणाले, "येऊ द्या."

आठवड्याच्या आत आलं. सरदारांच्या वंशातले एक निवृत्त सुभेदार, आता ऊसवाले बागायतदार, चार माणसं घेऊन स्टुडिओत आले. कुणी आरडाओरडा केला नाही. सुभेदारांनी काचेकडं बोट केलं.

"ह्यो घोडा कुणाचा हाय, ठावं हाय का?"

"व्हय. तुमच्या मूळपुरुषाचा," मामा म्हणाले.

"मग त्येच्यावर ही कोन रेललीय?"

"सुभेदारसाब, मी गेलो तवा तितं म्हस बांधलेली हुती. शेण मी काढलंय."

"म्हस आमच्यातल्याच कुनीतरी बांधली आसंल. चूक हाय, मान्य. पर म्हशीला बगाय रस्त्यात लोक थांबत न्हाईत."

माझ्या इतक्या वर्षांच्या वादात मला न सापडलेलं वाक्य ते होतं. मी मनातल्या मनात सुभेदारांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

सुभेदार पुढं म्हणाले, "तुमी बी पलटणीतलं म्हणं. तुमच्या जोडीदाराच्या कबरीवर कुनी आसं रेललं आस्तं, तर?"

मामांनी टेबलाचा खण उघडून पत्त्याएवढा जुना फोटो काढला आणि सुभेदारांच्या हातात दिला. मीही तो कधी बघितला नव्हता. मातीचा एक लांबट उंचवटा, उशाला पाटी, मागं उघडा माळ.

"ह्यो माझा जोडीदार. कडेगावचा, मुसलमानाचा पोरगा. दुसऱ्या लढाईत इटलीत एका ट्रकात हुतो आमी. ह्यो गेला. मी फोटू काढला, आन् परत आल्यावर त्येच्या आईला न्हेऊन दिला. म्हातारीनं लय येळ बगितलं. मग म्हनाली, लय एकटा दिसतुया रं. कुनाला तरी जवळ हुबं करायचं हुतंस. आन् फोटू परत दिला मला." मामांचा आवाज नेहमीसारखाच होता. "तवापास्नं नुसती कबर मला काढवत न्हाई."

सुभेदारांनी तो फोटो दोन्ही हातांनी परत दिला. "तुमचं खरं हाय," ते म्हणाले. "पर सरदार एकलं न्हाईत. आमी हाय. काचेतला फोटू उतरवा."

मामांनी तो लगेच उतरवला. एकजण म्हणाला, पोरीकडच्याही आणवून फाडा. तेव्हा मला काय झालं कोण जाणे, मी मध्ये पडलो. म्हटलं, तिनं आपणहून पाय बाजूला घेतले होते, कुणी सांगितलं नव्हतं. सुभेदारांनी उतरवलेला फोटो उजेडात धरून नीट बघितला. दुमडलेली पावलं त्यात दिसत होती. "पोरीचं ऱ्हाऊ द्या तिच्याकडं," ते म्हणाले आणि मोठा फोटो तेवढा गुंडाळून घेऊन गेले.

शालन कोल्हापूरला गेली, दोन सिनेमांत गर्दीत उभी राहिली आणि परत येऊन तिनं शिवणाचा वर्ग काढला. मामांनी मात्र त्या दिवसानंतर पडदा खाली सोडला तो वर केलाच नाही. नवरानवरी, पेन्शनर, मुंजीतले बटू, सगळे हंसांपुढं. फोटो चांगले येत, जसे सगळ्यांचे येतात. माझ्या सुट्ट्या मोकळ्या झाल्या. इतकी वर्षं मी हेच मागत होतो, आणि मिळाल्यावर रविवारी मला घरात करमेना.

एकदा कडेगावच्या एका लग्नाहून आम्ही दोघं एस.टी.नं परतत होतो. ते गाव आलं. मामा खिडकीतून बघत राहिले. समाधीभोवती आता गज बसले होते, आत झाडून घेतलेलं होतं आणि चिटपाखरूही नव्हतं. कंडक्टरनं घंटी मारायच्या आत मी म्हणालो, "मामा, उतरायचं का?"

"कॅमेरा कुठं हाय?"

"नसू दे."

आम्ही उतरलो. मामांनी वहाणा काढल्या आणि गजांबाहेर मला बसवून स्वतः चार पावलं मागं गेले. बराच वेळ एक डोळा बारीक करून ते तिथंच उभे होते. मग म्हणाले, "जावईबापू, जरा डावीकडं सरका."

मी सरकलो.