घट्ट नाडी

आई कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावाहून एसटीनं आली ती माझ्या मानेवरच्या तिळाची काळजी घेऊन. तीळ जन्मापासूनचा. पण गावात कुणीतरी तिला सांगितलं होतं की काळा तीळ म्हणजे कातडीचा कॅन्सर. पिशवी खाली ठेवायच्या आत तिनं माझी मान उजेडाकडं वळवली.

"वाढलाय," ती म्हणाली.

"आई, मी सगळीच वाढलेय. तीळ एकटा कसा मागं राहील?"

"डॉक्टरला दाखवल्याबिगर मी गावाकडं जायची नाय."

मला ही धमकीच वाटली. आई जास्त राहिली की माझ्या स्वयंपाकघरातला एक डबा जागेवर सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे कपडे धुताना परकराच्या नाडीवर रक्ताचा डाग दिसला. विचारलं तर म्हणे, "नाडीचा व्रण हाय. बायामाणसाला असतोच." आमच्याकडं कमरेवर नाडीचा काळा पट्टा सगळ्याच बायकांना. मला पहिल्यांदा साडी नेसवली तेव्हा आईनं पाठीला गुडघा लावून नाडी आवळली होती. श्वास घेता येईना म्हटलं, तर म्हणाली, "सैल नेसली की बाई कामालाबी सैल." दिवसभर रानात वाकणाऱ्या बाईचा कायदा. मी जन्मभर खुर्चीवर बसून नोकरी केली, तरी नाडी तिच्याच कायद्यानं बांधत आले.

"दाखव," मी म्हटलं.

"लेकीला काय कंबर दाखवायची."

"मग डॉक्टरीणबाईंना दाखव. माझी मान, तुझी कंबर. एका रिक्षात दोन कामं."

हे मात्र तिला लगेच पटलं.

छावणी भागातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून माझा तीळ बघितला. रंग एकसारखा, कडा साफ, वर्षानुवर्षं तसाच. "हा नुसता तीळ आहे," त्या म्हणाल्या. आईला हायसं वाटलं, आणि इतक्या लांब आल्याचा थोडा अपमानही.

"मंग खरा कसा असतो?" तिनं विचारलं.

बाई बिचाऱ्या सांगत बसल्या. एक काळा, वेड्यावाकड्या कडांचा, रंगरूप बदलत जाणारा. आपल्याकडं तळपायाला, नखाखालीही निघतो आणि लवकर पसरतो. दुसरा बहुतेक तोंडावर, चकाकत्या मोत्यासारखा. खपली धरतो, बरा झाल्यासारखा वाटतो, परत रक्त येतं. आपल्या कातडीवर तोही काळपट दिसू शकतो, पण हळू वाढतो. तिसरा जाड, खरबरीत, न भरणारी जखम. बऱ्याचदा जुन्या भाजल्याच्या नाहीतर सारख्या घासणाऱ्या जागी.

आई असं ऐकत होती जणू माझ्यासाठी तीन स्थळं आलीत आणि तिन्ही तिला नापसंत आहेत.

"आता तुमची कंबर, मावशी."

नाडीची गाठ सुटता सुटेना. शेवटी सुटली, आणि बाई भिंग घेऊन पुढं वाकल्या. पट्ट्यावर एका जागी जखम होती, कडा उचललेल्या आणि कडक. त्यांनी जांघेत गाठी आहेत का ते चाचपलं. "पाऊस लागायच्या आधीपासनं हाय," आई म्हणाली. नुसतं बघून खात्री देता येत नाही, तुकडा तपासायला पाठवू, असं बाई म्हणाल्या. मी भ्याले. एरवी आईला टोमणा मारायला मला विचार करावा लागत नाही. त्या दिवशी एकही सुचला नाही.

निघाला तिसराच. पसरलेला नव्हता. पुढं सगळा कापून काढला आणि आई बरी झाली. पण माझ्या डोळ्यांपुढं आहे तो रिपोर्ट कळला तो दिवस.

"नाडीनं व्हतं व्हय हे?" तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"फार थोड्यांना. वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळली तर."

परतताना रिक्षात ती सारखी माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, ऑपरेशनला घाबरली. घरात आल्यावर तिनं दाराला कडी लावली.

"दाखव," ती म्हणाली.

"मान बघितली की त्यांनी."

"कंबर दाखव."

मी पदर बाजूला केला. तिनं नाडी सोडली, माझ्या काळ्या पट्ट्यावरून सगळीकडून बोट फिरवलं. कुठं खरबरीत लागतंय का, कुठं जखम आहे का. काही नव्हतं. तरी परत एकदा फिरवलं.

"म्याच आवळली व्हती," ती म्हणाली.

मग तिनं नाडी परत बांधली, इतकी सैल की परकर खाली यायला लागला.

"घसरतोय गं आई."

"घसरू दे," ती म्हणाली.