बोटीवरचं इमान

नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यात, कंधार रस्त्याला बजरंगचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्याचा थोरला भाऊ रामकिशन गावाकडं शेती बघायचा. पण त्याआधी तो नौदलात होता. एकाहत्तरच्या युद्धात विक्रांत या विमानवाहू बोटीवरच्या सी हॉक विमानांच्या देखभालीला.

रामकिशन तेव्हा सुट्टीवर आला की पारावर बसून सांगायचा, "बोटीवरून इमान उडतंय. उतरलं की आम्ही त्याचे पंख मिटून ठेवतो."

ऐकणाऱ्यांपैकी कुणी समुद्रसुद्धा पाहिलेला नव्हता. "पंख मिटतंय म्हणजे? कोंबडी हाय का?" एकानं विचारलं, आणि अख्खा पार हसून लोटपोट झाला. तेव्हापासून रामकिशन गावात 'कोंबडीवाला' झाला. नोकरी संपवून तो कायमचा घरी आला तरी ते नाव सुटलं नाही. पुढं पुढं त्यानं बोटीचं नाव काढणंच सोडलं. धाकटा बजरंग तेवढा लहानपणापासून सगळं खरं मानत आला होता.

गावच्या शाळेला नवं आवार मिळालं, त्या उन्हाळ्यात रामकिशन दुकानात आला. लोखंडी अँगलच्या भाऱ्यावर टेकला. मग म्हणाला, "बजा, एक सी हॉक करून देशील का? लहान न्हाई, चांगलं मोठं. शाळेच्या आवारात ठेवू. पोरांना तरी कळंल."

"करतो की दादा. त्यात काय एवढं!"

रामकिशननं खडू मागितला. गुडघे दुखत असताना फरशीवर ओणवा होऊन त्यानं अख्खं विमान काढलं. खऱ्याच्या पावपट म्हटलं तरी ते दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलं. पंख कुठं मोडायचे, उतरताना बोटीवरचा दोर पकडायचा शेपटीखालचा आकडा कसा असतो, इंजिनाचा जाळ मागून न येता दोन्ही पंखांच्या बुडाशी कसा बाहेर पडतो, हे सांगताना त्याचा आवाज बदलला. बजरंगनं तसा आवाज कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

पहिले काही महिने काम जोरात चाललं. पाइपाच्या कड्या वाकवून सांगाडा उभा राहिला, त्यावर पत्रा चढू लागला. रामकिशन आठवड्याला एसटीनं यायचा. "नाक लई टोकदार झालं रं, जरा गोल कर," म्हणायचा. बजरंग पत्रा काढून पुन्हा ठोकायचा.

मग घरकुलांच्या खिडक्यांचं मोठं काम आलं. ते संपेस्तोवर ट्रॉल्यांचा हंगाम आला. सांगाड्यावर ताडपत्री पडली, ताडपत्रीवर तयार जाळ्या टेकू लागल्या. "पुढच्या उन्हाळ्यात हमखास, दादा," बजरंग म्हणायचा, आणि तो उन्हाळाही जायचा. रामकिशन येतच राहिला. ताडपत्रीचं टोक उचलून बघायचा, चहा प्यायचा, निघून जायचा. कधी विचारलं नाही.

आणि एकदा त्याचं येणं थांबलं.

"दादा कामून येईनात?" बजरंगच्या बायकोनं, कस्तुराबाईनं विचारलं. "जाऊन तर बघा."

"रुसला असंल. येईल की." बजरंग म्हणाला खरं, पण आतून त्याला हलकंच वाटलं होतं. ताडपत्री उचलून बघणारं आता कुणी नव्हतं.

पोळ्याच्या आसपास रामकिशनच्या सुनेचा, दीपालीचा फोन आला. "काका, मामांना दिसंनासं झालंय. काचबिंदू हाय म्हणले डॉक्टर. लई दिवसांपासून अंधुक दिसत होतं म्हणं, कुणाला बोललेच न्हाईत. बसची पाटी वाचता येईना म्हणून तुमच्याकडं येणं सोडलं त्यांनी."

बजरंगनं वेल्डिंगचं हँडल खाली ठेवलं. तो भावाला घेऊन नांदेडला गेला, तिथं दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर भले होते, पण त्यांनी आडपडदा ठेवला नाही. गेलेली नजर परत येत नसते, म्हणाले. परतीच्या वाटेवर रामकिशनच त्याची समजूत काढत होता.

दुसऱ्या दिवसापासून बजरंगनं आलेली कामं परत पाठवली. बिजागऱ्या बसवल्या, पंख मिटू लागले. आकडा घडवला. वरून गडद राखाडी, खालून फिकट रंग दिला. इतकी वर्षं ज्याला सवड मिळाली नव्हती, ते काम दिवाळीच्या आत उरकलं. एवढंच होतं तर आधी का नाही, हे त्याला कुणी विचारलं नाही. तोच स्वतःला विचारत राहिला.

विमान शाळेत बसवलं त्या सकाळी दीपाली सासऱ्याला हाताला धरून घेऊन आली. रामकिशननं चपला काढल्या. नाकापासून सुरुवात करून तो हातानं बघत निघाला. पंखाच्या बुडाशी आला आणि सवयीनं पाऊल मागं घेतलं. "इंजन चालू असताना हितं उभं राहायचं न्हाई," तो सभोवतालच्या पोरांना म्हणाला. मग बिजागरी चाचपली, खुंटी काढली आणि पंख वर उचलला. पंख मिटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"रंग कसा हाय रं, बजा?"

"पावसाआधीच्या ढगावानी," बजरंग म्हणाला.

"बराबर."

पाराजवळचे दोघे-चौघे म्हातारे आले होते. एक जण पुढं होऊन म्हणाला, "खरंच मिटतंय की, रामकिशन." रामकिशनला हसणाऱ्यांतले बहुतेक केव्हाच गेले होते.

पोरं पांगल्यावर बजरंगनं भावाचा हात धरला. "दादा, मला बोल ना काही. शिव्या घाल. मी लई उशीर केला."

"काय बोलू?" रामकिशनचा दुसरा हात अजून पत्र्यावरच होता. "नाक चांगलं गोल झालंय."

त्यानं कधीच काही बोलून दाखवलं नाही. अजूनही दीपाली त्याला अधूनमधून शाळेत नेते. पोरं प्रश्न विचारतात आणि तो सांगत बसतो. बजरंग मात्र गावाकडं गेला तरी शाळेच्या वाटेनं जात नाही. ओढ्याकडून, लांबून वळसा घेऊन जातो.